चाल बसवणाऱ्याचा नारळ

आमच्या चित्रपट मंडळात सिनेमा संपला की लगेच घरी जाता येत नाही. वाचनालयाच्या हॉलचं दार चिटणीसबाई स्वतः लावून घेतात, चहा येतो, आणि फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली जाते. डावीकडे ‘जमलेलं’, उजवीकडे ‘फसलेलं’. बाईंना शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हातातला खडू काही सुटला नाही. सिनेमा कितीही रडवून गेलेला असो, दोन्ही रकान्यांत निदान पाच-पाच ओळी पडल्याच पाहिजेत असा त्यांचा दंडक आहे. रत्नागिरीच्या माणसाला उजवा रकाना भरायला सांगावं लागत नाही. डाव्यासाठी मात्र बाईंना एकेकाला उभं करून विचारावं लागतं.

त्या रविवारी दुपारी लावलेला सिनेमा परदेशातल्या एका रॉक बँडवरचा होता. पावसाळ्यामुळे होड्या वर ओढलेल्या, शेतात लावणी उरकलेली, त्यामुळे हॉलमध्ये एरवीपेक्षा माणसं जास्त. चर्चेची सुरुवात मी करायची असं आधीच ठरलं होतं. मंडळात वाद्य वाजवलेला माणूस मी एकटाच. सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी केली, पण तरुणपणी आमच्या वाडीच्या बेंजो ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवायचो. गणपतीच्या मिरवणुका, वराती, कुणाची घरभरणी, जिथे बोलावणं येईल तिथे टेम्पोत बॉक्स चढवून जायचो. आमच्या ग्रुपची एक सलामी आहे. मिरवणूक निघताना पहिली तीच वाजते. आमचे जुने पांगले, त्याच नावाने नवी पोरं वाजवायला लागली, आजूबाजूच्या ग्रुपांनीही ती उचलली, पण ती बसवली मी, असं सगळे मानतात. बाईंनी माझी ओळख करून देताना तेच सांगितलं.

ती चाल माझी नाही. ती ज्याची आहे तो त्या दिवशी पहिल्या रांगेत, स्पीकरला कान लावल्यासारखा बसला होता, आणि त्याला तिथे मीच बोलावलं होतं.

हा आमचा बेंजोवाला. खाडीपलीकडे जयगडच्या बाजूला, मुसलमान मोहल्ल्यात त्याचं घर. बाप-आजे गलबतांवर होते, हा मोठ्या जहाजांवर इंजिनरूममध्ये लागला. नऊ-दहा महिने समुद्रावर आणि उरलेले घरी, असं त्याचं वर्ष. घरी असला की आमच्या ग्रुपमध्ये. त्याच्यासारखा बेंजो वाजवणारा आमच्या पट्ट्यात दुसरा नव्हता, हे मी तेव्हाही म्हणायचो, आताही म्हणतो. इतकं म्हणायला मला कधीच जड गेलं नाही. जड जे होतं ते वेगळं होतं.

ज्या वर्षी ग्रुप नवा उभा राहिला त्या वर्षी त्याची रजा श्रावणाच्या आधीच संपत होती. निघण्याच्या आदल्या दिवशी तो बेंजो घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, गणपतीत मी नसणार, काहीतरी नवीन बसवून देतो. मी त्याला ओटीवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेलो. आलं किसलं, दूध घातलं, उतू जाता जाता आच कमी केली. कप घेऊन बाहेर आलो तोवर चाल झालेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधल्या वळणासकट. त्याने ती मला तीनदा वाजवून दाखवली. मी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पट्ट्यांना आकडे देऊन उतरवून घेतली. चहा पिऊन तो गेला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला जाऊन जहाजावर चढला.

गणपती आले. आमच्याकडे मिरवणूक निघण्याआधी वाडीतला म्हातारा मानकरी देवापुढे गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागणं मोठ्याने बोलतो आणि जमलेले सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. नव्या ग्रुपला यश यावं म्हणून त्या वर्षी गाऱ्हाण्यात ग्रुपही घेतला. आम्ही सलामी एकदा वाजवून दाखवली होती, ती लोकांना फारच आवडली होती. मानकऱ्यांनी विचारलं, चाल कोणी बसवली? ढोलकीवाल्याने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याचाही दोष नाही, त्याला ती मीच शिकवली होती. मी तोंड उघडेपर्यंत मानकरी देवाकडे वळून बोलायला लागलेसुद्धा, की बा महाराजा, ह्या तुझ्या लेकराने चाल बसवलीय, त्याच्या बोटांना यश दे. अख्खी वाडी म्हणाली, व्हय महाराजा. गाऱ्हाण्यात मध्ये बोलायचं नसतं. सवयीने मीही म्हणालो, व्हय महाराजा. मग माझ्या हातात मानाचा नारळ आला. मानाचा नारळ परत करत नाहीत.

मी मनाशी ठरवलं की नारळ राखून ठेवायचा आणि तो आला की त्याच्या हातात द्यायचा. पण घरात गणपती, मोदकांची घाई, आणि बायकोला नारळ म्हणजे नारळ. संध्याकाळी त्याचं सारण झालं. मोदक मी खाल्ले. चांगले झाले होते.

तो परत आला तेव्हा मी त्याला मिरवणुकीची कॅसेट ऐकवली, नारळाचं काही बोललो नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा नारळ. ‘चाल बसवणाऱ्याचा नारळ’ अशी वाडीत पद्धतच पडून गेली. दरवर्षी गणपतीत तो समुद्रावर असायचा आणि नारळ माझ्याकडे यायचा. त्याला ते कळलं असणारच. कोकणात अशा गोष्टी जहाजापर्यंत पोचतात. पण त्याने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. उलट लोक विचारायचे तेव्हा मी चाल कशी बसली याची गोष्ट सांगायला लागलो. दोन-तीन आठवडे कसे गेले, मधलं वळण कसं जमत नव्हतं, मग एका पहाटे कसं सुचलं. इतक्यांदा सांगितली की मला ती पहाटही आठवायला लागली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो कायमचा घरी आला. इंजिनरूमने त्याचे कान नेले. डाव्याने जवळजवळ काहीच येत नाही, उजव्याने मशीन लावून थोडंफार. डॉक्टरांनी सांगितलंय की तेही हळूहळू जाणार. हे त्याने मला फाटकाशी उभं राहून हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं. तो गेल्यावर मी हिशेब केला तो एवढाच, की मला जे सांगायचंय ते ऐकायला त्याच्याकडे आता फार वेळ नाही. त्यानंतर आम्ही बरेचदा भेटलो. मी पावसाबद्दल बोललो, माशांच्या भावाबद्दल बोललो. सिनेमाला ये म्हणून बोलावलं, ते पडद्यावर खाली येणाऱ्या अक्षरांमुळे त्याला वाचून तरी कळेल म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

सिनेमाबद्दल. कुठल्याशा थंड शहरातली चार पोरं. गाणारा, गिटारवाला, जाड तारांची गिटार वाजवणारा आणि ड्रमवाला. ती एकत्र येतात, नावारूपाला येतात, भांडतात, फुटतात आणि शेवटी एका प्रचंड मैदानात पुन्हा एकत्र वाजवतात. एवढ्या गोष्टीला अडीच तास. वर्षं सरली हे दाढ्यांवरून कळत होतं. दाढी वाढली की दोन वर्षं गेली, काढली की अजून तीन. पोरांच्या आया फक्त दारात उभ्या राहायला होत्या. ड्रमवाल्याच्या वाट्याला अख्ख्या सिनेमात चारपाच वाक्यं, त्यातलं एक ‘चला’. आमच्या ढोलकीवाल्याने हे पाहिलं असतं तर तो उठून गेला असता.

आणि बँड फुटायचा तो एका खोलीत, एका भांडणात, सहा मिनिटांत. हे तर मला अजिबात पटलं नाही. ग्रुप भांडणाने फुटत नाहीत. भांडणं आम्ही रोज करायचो, त्यावरच आमचा ग्रुप चालत होता. एकाला मुंबईला कंपनीत काम लागतं, एक कतारला जातो, एकाच्या बायकोला रविवारी तो घरी हवा असतो. एक दिवस टेम्पोत बॉक्स चढवायला दोघेच उरतात, आणि ग्रुप संपलाय हे कोणी बोलूनही दाखवत नाही. पण याचा सिनेमा कोण काढणार आणि तिकीट काढून बघणार कोण?

जमलेलंही पुष्कळ होतं, ते मी प्रामाणिकपणे सांगितलं. वाजवण्याची नक्कल नव्हती, नटांनी खरंच हात बसवले होते. सुरुवातीचे सराव बेसूर होते आणि बेसूरच ठेवले होते. दिग्दर्शकाला एवढा धीर आहे हेच मोठं. सामान चढवणं-उतरवणं, वायरी गुंडाळणं, चार माणसांसमोर वाजवून परतताना गाडीत पसरलेली शांतता, हे ज्याने भोगलंय त्यालाच दाखवता येतं. आणि मैदानातल्या कार्यक्रमात एकदाच कॅमेरा ड्रमवाल्याच्या पाठीमागून गर्दीकडे बघतो. त्याला जन्मभर एवढंच दिसलं असणार, पुढच्या तिघांच्या पाठी आणि त्यांच्यापलीकडे माणसं. मला ती चौकट फार आवडली. बाईंनी डाव्या रकान्यात चार ओळी लिहिल्या आणि कधी नव्हे ते समाधानाने माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी विचारलं ते साहजिकच होतं. सिनेमात एक प्रसंग आहे. गिटारवाला कपडे धुवायच्या दुकानात बसलाय, मशीन फिरतंय, मशीनच्या घरघरीवर तो गुणगुणायला लागतो आणि मशीन थांबेस्तोवर गाणं तयार. पुढे जगभर वाजतं ते हेच. बाई म्हणाल्या, तुम्ही स्वतः चाल बसवली आहे, तर हे कुठल्या रकान्यात घालायचं ते तुम्हीच सांगा.

मी उजव्या रकान्याकडे हात केला. म्हणालो, गाणं असं होत नसतं. सिनेमावाल्यांना वेळ नसतो म्हणून ते चार मिनिटांत आटोपतात. खरी चाल बसायला आठवडे जातात, माणूस झिजतो. मी पहाटेची गोष्टही सांगितली असावी. सवयीचं बोलणं होतं, तोंडातून आपोआप येत होतं. चारसहा माणसांनी माना डोलावल्या. बाईंनी उजवीकडे लिहिलं, ‘गाणं चार मिनिटांत होतं.’

पहिल्या रांगेत त्याने हात वर केला.

त्याला माझं बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण फळा वाचता येत होता. तो उभा राहिला. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज जरा मोठा लागतो, तसा त्याचा लागला.

“बाई, ती ओळ खोडा. ते फसलेलं नाय. चाल येते तेव्हा अशीच येते. चहा उकळायच्या आत येते.”

हॉलमध्ये लोक हसले. वाईट हेतूने नाही, पण माझ्यासारखा जाणकार एक सांगतो आणि हा खलाशी दुसरंच, म्हणून हसले. एकाने त्याच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं की तुम्हाला हो कसं माहीत?

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याची नजर मला ओळखता येते, टेम्पोवर आम्ही नजरेनेच ताल धरायचो. तीत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. चारचौघांत तो मला अहो-जाहो करतो, तसंच करून तो म्हणाला, “ह्यांच्याकडूनच ऐकलंय.” आणि खाली बसला.

म्हणजे चहा त्याच्या लक्षात होता. आलं किसलेलं, कॅलेंडरचं पान, सगळं लक्षात असणार. आणि मला वाचवायला त्याने ते माझ्याच नावावर करून दिलं. नारळाबरोबर मला तेवढंच द्यायचं त्याचं राहिलं होतं. मला शरम वाटली. आयुष्यात बऱ्याच वेळा वाटायला हवी होती, तेव्हा न वाटलेली सगळी एकदम वाटली. सिनेमातला गिटारवाला बरा म्हणायचा. त्याचं गाणं निदान त्याच्या नावावर लागलं. आमच्या ग्रुपचा सिनेमा मी गेली कित्येक वर्षं तोंडी काढत होतो, आणि त्यात चाल बसवणाऱ्याला एकही वाक्य नव्हतं.

मी म्हणालो, “आमच्या सलामीची चाल मी बसवलेली नाही. ती ह्याने बसवली. मी आत चहा करत होतो.”

बाहेर पन्हळीचं पाणी पडत होतं ते ऐकू यायला लागलं. मला वाटलं, झालं, सुटलो. पण ज्याला सांगायचं होतं तो खाली वाकून चहाचा कप शोधत होता. सगळे त्याच्याकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने वर पाहिलं, कानाच्या मशीनला बोट लावलं आणि विचारलं, “काय बोलला?”

पहिल्यांदा सांगणं कठीण असतं असं म्हणतात. तसं काही नाही. पहिल्यांदा तोंडातून निघून जातं. दुसऱ्यांदा, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, त्याच्या उजव्या कानाशी उभं राहून सांगायचं, आणि पन्नास माणसं बघतायत, हे कठीण. मी खुर्च्यांच्या मधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेलो. वाकलो. म्हणालो, “सलामीची चाल तुझी. मी सगळ्यांना माझी म्हणून सांगत आलो.”

त्याने ऐकलं. मान हलवली. मग त्याने बाईंकडे बघितलं. बाई खडू धरून फळ्याशी तशाच उभ्या होत्या. आता ही ओळ नुसती खोडायची की आणखी काही करायचं, एवढंच त्यांना कळत नव्हतं. इतक्या वर्षांत फळ्यावर असं प्रकरण आलं नव्हतं.

“खोडा आणि तिकडे लिहा,” तो म्हणाला. “जमलेल्यात. चाल जमलीच होती.”

बाईंनी लिहिलं. डाव्या रकान्यात पाच ओळी पूर्ण झाल्या, चर्चा संपली असं त्यांनी जाहीर केलं आणि दार उघडलं. लोक छत्र्या शोधत पांगले. दोघातिघांनी जाता जाता माझ्या पाठीवर थोपटलं, ते मला आवडलं नाही. मी काही मोठं काम केलं नव्हतं, उशिरा केलेलं लहान काम होतं. वाडीत अजून सांगायचं बाकीच होतं. मानकऱ्यांच्या जागी आता त्यांचा मुलगा गाऱ्हाणं घालतो, त्याच्याकडे जायचं होतं, आणि ते या हॉलइतकं सोपं जाणार नव्हतं.

त्याला गाडीपर्यंत सोडायला मी बरोबर गेलो. स्टँडवर छपराखाली आम्ही उभे राहिलो. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की मलाच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तेवढ्यापुरते आम्ही दोघे सारखेच होतो. मी त्याला विचारायचं म्हणत होतो की तू कधीच का बोलला नाहीस. पण त्या पत्र्याखाली ओरडून विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता.

गाडी लागली. तो पायरीवर चढला, मागच्या माणसांना हाताने थांबवलं आणि वळला. सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ह्या गणपतीला मी घरीच हाय. नारळ न्यायला मी येईन. आमच्यात मोदक नाय होत, पण तांदळाच्या सांदणाला नारळ लागतोच.”